जीडीपी वाढला, मग माझ्या ऑर्डरी कुठे आहेत?

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं युनिट आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि ट्रकच्या बॉड्या करतो, चौदा माणसं आहेत. लेझर कटिंग मशीनचं ३८ लाखांचं कोटेशन आलं आहे आणि बँक ३० लाख द्यायला तयार आहे. टीव्हीवर सांगतात जीडीपी ८.२ टक्क्यांनी वाढला, पण माझ्या ऑर्डर बुकात तसं काही दिसत नाही. शेजारचे युनिटवाले म्हणतात घेऊन टाका, घरचे म्हणतात थांबा. पुढे तेजी आहे की मंदी, हे आमच्यासारख्याला थोडं आधी कळायचा काही मार्ग आहे का? नेमके कोणते आकडे बघायचे?
– एक वाचक, नागपूर

उत्तर :

नमस्कार. तुमचं ऑर्डर बुक आणि टीव्हीवरचा आकडा, दोन्ही खरे आहेत. फक्त ते वेगवेगळ्या काळाबद्दल बोलताहेत. ८.२ टक्के हा आकडा जुलै ते सप्टेंबर २०२५ या तिमाहीचा आहे आणि तो जाहीर झाला नोव्हेंबरच्या अखेरीला. म्हणजे तुमच्या कानावर आला तेव्हा त्यातली अर्धी उलाढाल साडेतीन महिन्यांपेक्षा जुनी होती. जीडीपी म्हणजे पंगत उठल्यावर मोजलेली पानं. किती जण जेवून गेले ते अगदी बरोबर कळतं, पण पुढच्या पंगतीला किती भात टाकायचा हे त्यावरून ठरवता येत नाही. मशीनचं कर्ज तर पुढच्या साठ महिन्यांचं आहे.

पुढची चाहूल देणाऱ्या आकड्यांना आघाडीचे निर्देशक म्हणतात. अमेरिकेत वेस्ली मिचेल आणि आर्थर बर्न्स यांनी १९३८ साली अशा आकड्यांची पहिली यादी केली, आणि त्यामागचं तत्त्व आजही तेच आहे : निर्णय आधी होतो, पैसा नंतर हलतो. तुमच्याच शेडमध्ये बघा. आधी चौकशी येते, मग कोटेशन जातं, अ‍ॅडव्हान्स येतो, पत्रा आणि चॅनल येतात, कटिंग, वेल्डिंग, पेंट होतं, डिलिव्हरी जाते, बिल फाटतं, आणि शेवटी उधारी वसूल होते. चौकशी ते वसुली यात सहज चार-पाच महिने जातात. चौकशी मोजणारा माणूस आघाडीचा निर्देशक बघत असतो, डिलिव्हरी मोजणारा सोबत चालणारा, आणि वसूल झालेली रक्कम मोजणारा मागून येणारा. देशाच्या अर्थव्यवस्थेतही असंच चालतं. नव्या ऑर्डरी, घरबांधणीचे परवाने, कर्जमंजुरी, ओव्हरटाइमचे तास हे आधी वळतात. कारखान्याचं उत्पादन आणि जीएसटी सोबत चालतात. बेरोजगारी आणि बँकांची थकीत कर्जं सगळ्यांत शेवटी. ओव्हरटाइम या यादीत का, असं वाटेल. काम वाढलं की मालक लगेच नवा वेल्डर घेत नाही, आधी आहे त्याच माणसांना दोन तास जास्त थांबवतो. काम घटलं की आधी ओव्हरटाइम बंद होतो, माणूस नंतर जातो. अमेरिकेत अशा आकड्यांचा जो एकत्रित निर्देशांक काढतात त्यात कारखान्यांमधले आठवड्याचे सरासरी तास याच कारणासाठी धरतात.

आपल्याकडचा सगळ्यांत लवकर येणारा आकडा म्हणजे पीएमआय (पर्चेसिंग मॅनेजर्स इंडेक्स), खरेदी अधिकाऱ्यांना विचारून काढलेला निर्देशांक. कारखान्यांचा पीएमआय दर महिन्याच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी येतो, नुकत्याच संपलेल्या महिन्याचा. सुमारे ४०० कंपन्यांच्या खरेदी अधिकाऱ्यांना विचारतात : गेल्या महिन्यापेक्षा ऑर्डरी वाढल्या, तेवढ्याच राहिल्या की घटल्या? समजा ४० टक्के म्हणाले वाढल्या, ४५ टक्के म्हणाले तेवढ्याच, १५ टक्के म्हणाले घटल्या. मग आकडा होतो ४० अधिक ४५ चे निम्मे, म्हणजे ६२.५. पन्नासच्या वर वाढ, खाली घट. मुख्य आकड्यात नव्या ऑर्डरींना ३० टक्के वजन असतं, उत्पादनाला २५, रोजगाराला २०, पुरवठादाराकडून माल यायला लागणाऱ्या वेळेला १५ आणि कच्च्या मालाच्या साठ्याला १०.

इथे लोक दोन ठिकाणी फसतात. पीएमआय ५८ वरून ५५ वर आला की बातमी येते ‘उत्पादन घसरलं’. तसं नसतं. ५५ म्हणजे अजूनही वाढच, फक्त वाढ झाली असं सांगणारे थोडे कमी झाले. दुसरं, हा आकडा किती कंपन्यांची वाढ झाली ते सांगतो, किती वाढ झाली ते सांगत नाही. एप्रिल २०२० मध्ये तो २७.४ पर्यंत आला होता. अशा वेळी कोणालाच शंका राहत नाही, पण ५२ आणि ५४ मधल्या फरकावर मशीन विकत घेऊ नये. फुकट मिळणाऱ्या पत्रकात ऑर्डरींचा वेगळा आकडा बहुतेक वेळा नसतो, पण त्यावर एक-दोन वाक्यं नक्की असतात. ती वाचा, आणि तयार मालाच्या साठ्याबद्दलचं वाक्यही वाचा. ऑर्डरी मंदावताहेत आणि गोदामं भरताहेत, असं दोन महिने सलग आलं तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उत्पादनाला कात्री लागते.

आता तुमच्या धंद्याच्या जवळ येऊ, कारण देशाचा पीएमआय तुम्हाला फक्त हवा कुठली आहे ते सांगेल. तुमची निम्मी कमाई विदर्भातल्या शेतकऱ्याच्या खिशावर उभी आहे. तो खिसा कसा भरतो ते क्रमाने बघा : जून ते सप्टेंबर पाऊस, धरणांचा साठा, मग ऑक्टोबरपासून सोयाबीन आणि त्यामागून कापूस बाजारात, त्यातून मागचं देणं फिटतं, आणि उरलं तर ट्रॅक्टर, त्याच्याबरोबर किंवा मागोमाग ट्रॉली. धरणसाठ्याचं पत्रक केंद्रीय जल आयोग दर आठवड्याला काढतो. नागपूरच्या कळमना बाजार समितीतली आवक आणि भाव रोज मिळतात. नुसता भाव लिहू नका, हमीभावाशी ताडून लिहा. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे, मध्यम धाग्याच्या कापसाचा ७,७१० आणि लांब धाग्याचा ८,११०. पीक भरघोस आणि भाव हमीभावाखाली, असं झालं की टनांचे आकडे छान दिसतात पण ट्रॉलीची चौकशी येत नाही. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचं हेच झालं होतं, तेव्हा हमीभाव ४,८९२ होता आणि बाजारात त्याच्या बराच खाली भाव मिळत होता.

ट्रॅक्टरच्या विक्रीचे आकडे दोन प्रकारचे असतात आणि त्यांची गल्लत करणं महाग पडतं. कंपन्या जो आकडा देतात तो कारखान्यातून डीलरकडे गेलेल्या गाड्यांचा. शेतकऱ्याने घेतलेल्या गाड्यांचा आकडा आरटीओच्या नोंदणीतून येतो. डीलरकडे माल कोंबला जात असेल तर पहिला वाढतो आणि दुसरा जागेवर राहतो. काही महिन्यांनी पहिलाही कोसळतो. म्हणून तुम्ही सरकारच्या ‘वाहन’ या वेबसाइटवरच्या डॅशबोर्डवर थेट आरटीओनिहाय नोंदणी बघा. महाराष्ट्र निवडा, मग कार्यालय : नागपूर ग्रामीण म्हणजे एमएच ४०, वर्धा ३२, यवतमाळ २९, भंडारा ३६, चंद्रपूर ३४, अमरावती २७. वाहनाच्या वर्गात शेतीचा ट्रॅक्टर वेगळा आहे आणि शेतीचा ट्रेलरही वेगळा आहे. तुमच्याच मालाची नोंदणी, तुमच्याच भागातल्या माणसांनी केलेली, फुकट, महिनावार. दर महिन्याच्या ५ तारखेला हे आकडे उतरवून घ्या. ट्रॅक्टर वाढताहेत आणि ट्रेलर वाढत नाहीत, असं दिसलं तर त्याची कारणं दोन : ट्रॉल्या नोंदणीशिवाय चालताहेत, किंवा शेतकरी जुन्यावर भागवतो आहे. कोणतं ते तुमच्या डीलरला एका फोनमध्ये कळेल.

ट्रकच्या बॉड्यांसाठी नागपूरजवळच्या वाडीचा ट्रान्सपोर्ट बाजार गाठा. एकच ब्रोकर, एकच मार्ग, एकच गाडी ठरवा, उदाहरणार्थ वाडी ते भिवंडी, दहाचाकी, आणि दर सोमवारी भाडं लिहा. त्यासोबत आणखी एक गोष्ट विचारा : भरतीसाठी गाडी किती दिवस उभी राहते? भाडं डिझेलमुळेही वाढतं, पण उभं राहण्याचे दिवस डिझेलमुळे घटत नाहीत. ज्या मालकाची गाडी दोन दिवस रिकामी उभी असते तो नवी चॅसिस बुक करत नाही. या दोन ओळी कोणत्याही सरकारी पत्रकापेक्षा आधी बोलतात, असं आमचं ठाम मत आहे.

ई-वे बिल (माल गाडीने पाठवताना ऑनलाइन काढायचं बिल) आणि जीएसटी यांचं नातंही समजून ठेवा. माल नोव्हेंबरमध्ये हलला तर ई-वे बिल नोव्हेंबरमध्येच निघतं, त्याचा कर डिसेंबरच्या २० तारखेपर्यंत भरला जातो आणि तो डिसेंबरच्या संकलनात मोजला जाऊन १ जानेवारीच्या सुमारास बातमी होतो. म्हणजे ‘विक्रमी जीएसटी’ ही बातमी दोन महिन्यांपूर्वीच्या विक्रीची असते. एप्रिलचा आकडा तर दरवर्षी फुगलेला असतो, कारण त्यात मार्चअखेरची बिलं असतात. ई-वे बिलांची संख्या त्यामानाने ताजी.

कर्जपुरवठ्याकडे मात्र दुर्लक्ष करू नका, कारण तिथून सुरू झालेली घसरण सगळ्यांत लांब जाते. २०१८ चं उदाहरण घ्या. सप्टेंबरमध्ये आयएल अँड एफएस या कंपनीचे हप्ते थकले आणि बाजारातून पैसे उचलून कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपन्यांचे हात आखडले. ट्रक, ट्रॅक्टर, दुचाकी यांची मोठी कर्जं याच कंपन्यांकडून जातात. सहा-आठ महिन्यांत वाहनविक्री उतरली. जुलै २०१९ मध्ये प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या वर्षीपेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी कमी होती. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ पासून रेपो दर (ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ६.५० वरून ऑक्टोबरपर्यंत ५.१५ वर आणला, तरी हप्त्यावर पैसे मिळणं सोपं झालं नाही. एप्रिल-जून २०१९ चा जीडीपी ५ टक्के, हे कळलं ३० ऑगस्टला. म्हणजे पहिली ठिणगी आणि जीडीपीची बातमी यांत जवळपास वर्ष गेलं. तुमच्या गावपातळीवर याचा निर्देशक साधा आहे : ट्रॅक्टर डीलरकडे बसणाऱ्या फायनान्सच्या माणसाला विचारा की दहा अर्जांतले किती मंजूर होतात आणि डाउन पेमेंट किती मागतात. सातचे पाच झाले की सावध व्हा.

याच काळातली दुसरी गोष्ट तुमच्या धंद्यात विसरून चालणार नाही. जुलै २०१८ मध्ये सरकारने ट्रकची वजनमर्यादा वाढवली, तीन आसांच्या (अ‍ॅक्सलच्या) ट्रकचं एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टन झालं. रातोरात आहे त्याच गाड्या जास्त माल नेऊ लागल्या आणि नव्या गाड्यांची गरज घटली. म्हणजे ट्रकविक्रीतली काही घसरण मंदीची होती आणि काही निव्वळ नियमाची. आकडा पडला की आधी विचारायचं, नियम बदलला का? २२ सप्टेंबर २०२५ ला ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. कपात होणार हे १५ ऑगस्टलाच कळलं होतं, अशी सवलत येणार कळली की बरंच गिऱ्हाईक थांबतं आणि मग एकदम येतं. मधल्या खड्ड्याला मंदी समजणारे चुकतात, आणि नंतरच्या उसळीला तेजी समजणारेही चुकतात. अशा वेळी ऑगस्ट ते नोव्हेंबर चारही महिन्यांची बेरीज घेऊन आदल्या वर्षीच्या त्याच बेरजेशी ताडायची.

सणांचंही तसंच. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. दसरा, दिवाळी दोन्ही ऑक्टोबरात आल्यामुळे कारखान्यांचे कामाचे दिवस घटले आणि ऑक्टोबर २०२५ चा औद्योगिक उत्पादन निर्देशांक जेमतेम ०.४ टक्के वाढलेला दिसला. आणि एप्रिल २०२१ मध्ये हाच निर्देशांक सुमारे १३४ टक्के ‘वाढला’ होता, कारण आदल्या एप्रिलमध्ये टाळेबंदीने सगळं बंद होतं. विजेचा वापरही उन्हाळ्यात बघू नका. मे महिन्यात नागपुरात वीज कूलर खातो, कारखाना नाही.

शेअर बाजाराबद्दल एवढंच : तो आघाडीच्या निर्देशकांत धरतात, पण खोट्या हाका फार देतो. अमेरिकेतला नावाजलेला एकत्रित निर्देशांकसुद्धा २०२२ पासून जवळपास दोन वर्षं उतरत राहिला आणि सांगितलेली मंदी आलीच नाही. एका आकड्यावर विसंबायचं नाही, ते यासाठी.

मग करायचं काय? एक शीट उघडा. पहिल्या रकान्यात गेल्या ३६ महिन्यांच्या तुमच्या ऑर्डरी लिहा, रुपयांत नको, नगांत. पत्र्याचा भाव वाढला की रुपये फुगतात. बिलाची तारीख नको, अ‍ॅडव्हान्स आला ती तारीख धरा. पुढच्या रकान्यात प्रत्येक महिन्यासाठी त्या महिन्याची आणि आधीच्या दोन महिन्यांची बेरीज. ३६ महिन्यांतून अशा ३४ बेरजा निघतील. त्यापुढे, वर्षभरापूर्वीच्या त्याच बेरजेपेक्षा किती टक्के फरक. असे २२ आकडे मिळतील. आता हेच सगळं ट्रॅक्टर नोंदणीचं करा आणि तो रकाना एक महिना, दोन महिने, तीन महिने असा खाली सरकवून बघा. कुठे दोन्ही एकाच वेळी वळतात? समजा तीन महिन्यांवर जुळलं. नोंदणीचा आकडा तुम्हाला पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मिळतो, म्हणजे हातात राहिले पावणेतीन. हीच तपासणी बँकांच्या क्षेत्रनिहाय कर्जाच्या आकड्याला लावली तर तो महिनाभर उशिरा येत असल्याने एक पूर्ण महिना वजा होतो. पुस्तकात लिहिलेली आघाडी आणि तुमच्या हाती येणारी आघाडी यांतला हा फरक बरेच जण धरत नाहीत. २२ आकड्यांत धंदा फार तर एक-दोनदा वळलेला असतो, म्हणून संगणकाने काढलेल्या सहसंबंधाच्या दशांशांवर जीव टाकू नका. डोळ्यांना दिसणारं वळण पुरेसं आहे.

पाच निर्देशक ठेवा : पीएमआयचा मुख्य आकडा, विदर्भातली ट्रॅक्टर नोंदणी, वाडीचं भाडं आणि उभे दिवस, कळमन्याचा सोयाबीनचा भाव हमीभावाच्या तुलनेत, आणि तुमच्या स्वतःच्या चौकश्या, शंभरातल्या किती अ‍ॅडव्हान्सपर्यंत पोचल्या त्यासह. तीन महिन्यांची बेरीज वर्षापूर्वीपेक्षा ५ टक्क्यांहून जास्त वर असेल तर अधिक एक, ५ टक्क्यांहून जास्त खाली असेल तर उणे एक, मधे असेल तर शून्य. पीएमआयला आणि भाडं-भावाला बेरजेऐवजी सरासरी घ्या. उभे दिवस मात्र उलटे धरा : घटले तर अधिक, वाढले तर उणे. दर महिन्याला एकूण मांडा. सलग तीन महिने अधिक तीन किंवा त्याहून जास्त आलं तर पुढे जा. एखाद्या महिन्यात अधिक चार येऊन पुन्हा शून्यावर आलं तर ते सणाचं किंवा सवलतीचं पाणी समजा.

आता हे मशीनशी जोडू. ३० लाख, पाच वर्षं, समजा १० टक्के व्याज, तर हप्ता महिन्याला सुमारे ६३,७०० रुपये. समजा लेझरवर तासाला वीज, गॅस, ऑपरेटर, देखभाल सगळं जाऊन ४५० रुपये सुटतात. मग नुसत्या हप्त्यासाठी महिन्याला १४२ तास काम हवं. पंचवीस दिवस, एक शिफ्ट म्हणजे २०० तास. त्यातले ७१ टक्के. तुमचा स्वतःचा आकडा घालून हे गणित पुन्हा करा, आणि आज बाहेर जॉबवर्कला देता ते कटिंग महिन्याला किती तासांचं आहे तेही बिलांवरून काढा. ते ९० तास असेल तर उरलेले ५२ तास कुठून येणार, एवढाच प्रश्न तुमच्या शीटला विचारायचा आहे. देशात तेजी आहे का, हा प्रश्न त्यामानाने फार मोठा आणि तुमच्या कामाचा कमी. जॉबवर्कच १३० तासांचं असेल तर शून्यावरचा निकालही चालेल. ५० तासांचं असेल तर अधिक तीन आले तरी आम्ही थांबायलाच सांगू. निकाल उणे दोनच्या खाली गेला तर मशीनचा विचार बाजूला ठेवा, पत्र्याचा साठा महिन्याभराच्या वर ठेवू नका, जुनी उधारी आधी गोळा करा आणि सीसी लिमिट (बँकेची कॅश क्रेडिटची मर्यादा) मोकळी ठेवा.

या आठवड्यात एक काम करा. मशीनवाल्याला फोन करून कोटेशनची मुदत ९० दिवस करून मागा. बहुतेक वेळा थोडं टोकन दिलं की भाव धरून ठेवतात, फक्त टोकन परत मिळण्याची अट लेखी घ्या. बँकेलाही विचारा की मंजुरीपत्र किती महिने चालतं. तेवढ्या काळात पीएमआय तीनदा येईल, वाहन नोंदणीचे तीन महिने मिळतील, वाडीच्या बारा सोमवारांच्या नोंदी होतील आणि कळमन्यात या हंगामाचा बराचसा माल विकून झालेला असेल.